मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा: डिफ्यूजन एमआरआयपासून कनेक्टोमपर्यंत

डिफ्यूजन एमआरआयच्या कामात नवख्या माणसाला एक गोष्ट फार उशिरा कळते: शेवटचं मॅट्रिक्स, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी किती जोडलेला आहे याचा तक्ता (कनेक्टोम), नेहमीच तयार होतं. दिशांची फाइल उलटी असो, माणूस स्कॅनरमध्ये हललेला असो, डावं-उजवं बदललेलं असो, सॉफ्टवेअर सहसा तक्रार करत नाही. ८४ ओळी आणि ८४ स्तंभांचा आकड्यांचा चौकोन हातात पडतो, आणि रंग भरले की तो छानही दिसतो. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर काय चालवायचं हे जितकं सांगितलं आहे, तितकंच चालवून झाल्यावर काय उघडून बघायचं हेही सांगितलं आहे.

खालची कामं मुख्यतः एमआरट्रिक्स३, एफएसएल आणि फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरवर होतात. बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी तिन्ही मोफत आहेत. फ्रीसर्फरला फक्त एक विनामूल्य परवाना-फाइल लागते. लिनक्स किंवा मॅक असेल तर उत्तम, विंडोजवर एफएसएल आणि फ्रीसर्फरसाठी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, वापरावं लागतं. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

आधी हे समजून घ्या: मोजतो काय आपण?

ॲक्सॉन, म्हणजे मज्जापेशींचे लांब तंतू, आपल्याला दिसत नाहीत. आपण मोजतो ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. मेंदूतला पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत कुठल्याही एका दिशेत साधारण ८ मायक्रोमीटर सरकतो. ॲक्सॉनची जाडी १ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे आडव्या दिशेने जाणारा रेणू लगेच भिंतीला अडतो आणि तंतूच्या लांबीच्या दिशेने जाणारा मोकळा सुटतो. हा फरक पकडणारी ग्रेडियंटच्या (जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या) दोन झटक्यांची युक्ती स्टेज्स्काल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली. आजचा प्रत्येक डिफ्यूजन स्कॅन त्याच पायावर उभा आहे.

ग्रेडियंट किती जोराचा आणि किती वेळ लावला, हे बी-मूल्यात सांगितलं जातं (एकक: सेकंद प्रति चौरस मिलिमीटर). रेणू जितके जास्त हलतील तितका सिग्नल घटतो. मेंदूच्या ऊतीत विसरणाचा गुणांक सुमारे ०.०००७ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरला, तर बी १००० ला सिग्नल जवळपास निम्मा उरतो. मेंदूभोवतीच्या द्रवात, म्हणजे सीएसएफमध्ये, हाच गुणांक ०.००३ असतो, तिथे उरतो जेमतेम ५ टक्के. बी ३००० ला हेच गणित केलं तर ऊतीतला सिग्नल १२ टक्क्यांच्या आसपास येतो आणि सीएसएफ काळाठिक्कर पडतो. (प्रत्यक्षात ऊतीतला सिग्नल इतका सरळ घटत नाही, थोडा जास्त उरतो. पण अंदाजाला हे पुरतं.) बी वाढवला की दिशांमधला फरक ठळक होतो, पण सिग्नल गोंगाटाच्या जवळ जातो. पुढच्या सगळ्या तडजोडी याच ओढाताणीतून निघतात.

दुसरी गोष्ट मापाची. २ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलचं (चित्राच्या एका घन तुकड्याचं) घनफळ ८ घन मिलिमीटर, आणि त्यात लाखो ॲक्सॉन मावतात. आपल्याला मिळते ती त्या सगळ्यांची मिळून एक गोळाबेरीज. बॅसर, मॅटिएलो आणि ल बिआँ यांनी १९९४ मध्ये मांडलेला टेन्सर या गोळाबेरजेला एकच लंबगोल बसवतो. सगळे तंतू एका दिशेने जात असतील तर तो चालतो. पण व्हाइट मॅटरच्या, म्हणजे तंतूंनी बनलेल्या भागाच्या, बहुसंख्य व्हॉक्सेलमध्ये एकापेक्षा जास्त दिशांचे तंतू असतात.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर पार्श्व निलयांच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या) थोडं वर, सेंट्रम सेमिओव्हाले नावाच्या भागात जा. तिथे दोन गोलार्ध जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचे आडवे तंतू, मज्जारज्जूकडे जाणाऱ्या कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टचे उभे तंतू आणि सुपिरियर लॉन्जिट्यूडिनल फॅसिक्युलसचे पुढून मागे जाणारे तंतू एकमेकांतून जातात. टेन्सरच्या नकाशात हा भाग काळपट, जणू आजारी वाटतो. प्रत्यक्षात तिथे तंतूंची दाटी असते. टेन्सरवर काढलेला कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट म्हणूनच मोटर कॉर्टेक्सच्या (हालचाली चालवणाऱ्या भागाच्या) वरच्या, पायाच्या भागापर्यंतच पोहोचतो. हात आणि चेहऱ्याकडे जाणारे तंतू या चौकातच हरवतात. त्यामुळे जोडण्यांचा नकाशा काढायचा असेल तर टेन्सर बाजूला ठेवा आणि स्फेरिकल डीकन्व्होल्यूशन, म्हणजे एका व्हॉक्सेलमधल्या अनेक दिशा वेगळ्या काढणारी पद्धत, वापरा. एफए (विसरण किती एकाच दिशेला आहे), एमडी (सरासरी विसरण) यांसारख्या मोजमापांसाठी टेन्सर ठीक आहे.

स्कॅन: काय मागायचं

३ टेस्लाच्या साध्या स्कॅनरवर सुरुवातीला चालेल असा आराखडा: २ मिलिमीटरचा घनाकृती व्हॉक्सेल, बी १००० च्या ३० दिशा, बी २५०० किंवा ३००० च्या ६० ते ६४ दिशा, आणि दर दहाएक चित्रांमागे एक बी-शून्य चित्र (डिफ्यूजनचा ग्रेडियंट न लावता घेतलेलं), संपूर्ण स्कॅनभर विखुरलेलं. मल्टिबँड (एकाच वेळी अनेक स्लाइस घेणं) २ ते ४ असेल तर हे साधारण दहा मिनिटांत बसतं. सोबत शरीररचना दाखवणारा १ मिलिमीटरचा टी१ स्कॅन.

आणि हे विसरू नका: फेज एन्कोडिंगची दिशा (चित्र ज्या दिशेने ताणलं-दाबलं जातं ती) उलटी करून घेतलेली दोन-चार बी-शून्य चित्रं. घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण ती नसली की पुढची विकृतीची दुरुस्ती लंगडी होते. जुन्या डेटामध्ये ती नसतीलच, तर टी१ वरून कृत्रिम बी-शून्य चित्र बनवणारी सिनबी०-डिस्को ही पद्धत आहे. ती वाईट नाही, पण पर्याय हाती असताना तिच्यावर विसंबू नये.

दिशा ६० का? गोलावरचा सिग्नल ज्या फलनांनी मांडला जातो, त्यांच्या आठव्या क्रमापर्यंत ४५ गुणक लागतात. ४५ अज्ञातांसाठी ४५ मोजमापं म्हणजे काठावरचा खेळ, त्यामुळे वर थोडी शिल्लक हवी. ३० दिशांत सहाव्या क्रमापर्यंतच, म्हणजे २८ गुणकांपर्यंत जाता येतं. टेन्सरला किमान ६ दिशा लागतात, पण ६ दिशांचा टेन्सर कुणाला दाखवायच्या लायकीचा नसतो.

व्हॉक्सेल बारीक करण्याचा मोह आवरा. १.५ मिलिमीटरवर आलात तर घनफळ ८ वरून ३.४ घन मिलिमीटरवर येतं, म्हणजे सिग्नल निम्म्याहून कमी. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने १.२५ मिलिमीटर आणि बी १०००, २०००, ३००० च्या प्रत्येकी ९० दिशा घेतल्या, पण त्यांच्याकडे १०० मिलिटेस्ला प्रति मीटरचा खास ग्रेडियंट आणि प्रत्येक माणसामागे जवळपास तासाभराचा डिफ्यूजन स्कॅन होता. साध्या यंत्रावर त्यांचे आकडे उचलले तर चित्रात दाणे तेवढे मिळतील. आणखी एक: २×२×४ असा लांबट व्हॉक्सेल घेऊ नका. तंतूंची दिशा त्या लांब बाजूकडे ओढली जाते आणि नंतर ती सरळ करता येत नाही.

स्वतःचा स्कॅन घेण्याआधी सरावासाठी तयार डेटा वापरणं शहाणपणाचं. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर बिड्स या ठरावीक रचनेतले डेटासंच खुले आहेत. फक्त चेहरा पुसलेला टी१ असेल तर मेंदूचा पुढचा काठ कापला गेला नाही ना, हे बघा.

डायकॉम ते निफ्टी

स्कॅनरच्या डायकॉम फाइली निफ्टी रूपात बदलणारं डीसीएम२एनआयआयएक्स चालवलं की चार फाइली मिळतात: चित्र, बी-मूल्यांची बीव्हॅल, दिशांची बीव्हेक आणि स्कॅनच्या तपशिलांची जेसन. चित्रातले व्हॉल्यूम, बीव्हॅलमधले आकडे आणि बीव्हेकचे स्तंभ यांची संख्या जुळायलाच हवी. स्कॅनरने शेवटी स्वतःहून जोडलेलं सरासरी चित्र, म्हणजे ट्रेस किंवा एडीसी, यात घुसलं तर ही संख्या चुकते. बी-शून्य कधी ० ऐवजी ५ म्हणून नोंदलेलं असतं, ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टमध्ये तसंच आहे. एमआरट्रिक्स ते समजून घेतं, तुमची स्वतःची स्क्रिप्ट समजून घेईलच असं नाही.

जेसनमधून दोन गोष्टी टिपून ठेवा: फेज एन्कोडिंगची दिशा आणि टोटल रीडआउट टाइम. दुसरा आकडा नसेल तर तो काढता येतो: फेज एन्कोडिंगच्या ओळींतून एक वजा करून त्याला इफेक्टिव्ह एको स्पेसिंगने गुणायचं. ९६ ओळी आणि ०.६९ मिलिसेकंद असतील तर ९५ × ०.६९ = ६५.५५ मिलिसेकंद, म्हणजे ०.०६५६ सेकंद. इथे सेकंदांऐवजी मिलिसेकंद टाकणं आणि इफेक्टिव्हऐवजी मूळ एको स्पेसिंग घेणं या दोन चुका ठरलेल्या आहेत.

सफाई, आणि ती याच क्रमाने

पहिलं काम डिनॉइझिंग: डीडब्ल्यूआयडिनॉइज. ते पहिलंच का? ही पद्धत प्रत्येक व्हॉक्सेलमधला गोंगाट शेजाऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून चालते. चित्र एकदा हलवलं किंवा नव्या जाळीवर बसवलं की शेजारी-शेजारी गोंगाट मिसळतो आणि ते गृहीतक मोडतं. तपासणीसाठी मूळ चित्रातून साफ केलेलं चित्र वजा करा. उरलेल्या चित्रात निव्वळ दाणे दिसायला हवेत. मेंदूच्या घड्यांची रेषा त्यात दिसली तर खरा सिग्नलही गोंगाटाबरोबर गेला आहे, किंवा या पायरीआधीच कुणीतरी चित्राला हात लावला आहे.

दुसरं, गिब्स रिंगिंग: एमआरडीगिब्स. निलयांच्या काठाशी दिसणाऱ्या समांतर लहरी यात जातात. पार्शल फूरिए (डेटाचा काही भाग न मोजता वेळ वाचवणं) जास्त वापरलं असेल तर परिणाम अर्धवट मिळतो, तरी मी ही पायरी सोडायचा सल्ला देणार नाही.

तिसरं काम सगळ्यात जड: विकृती, एडी करंट (ग्रेडियंटमुळे उठणारे विद्युत्प्रवाह) आणि हालचाल. एफएसएलचं टॉपअप उलट्या फेजच्या जोडीवरून चुंबकीय क्षेत्रातली गडबड मोजतं आणि एफएसएलचीच एडी ही कमांड बाकीचं एकाच वेळी सुधारते. एमआरट्रिक्सचं डीडब्ल्यूआयएफएसएलप्रीप्रॉक दोन्ही चालवून देतं. अडकायला होतं ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून जरा सविस्तर.

टॉपअप नेहमीच्या मांडणीत चित्र निम्म्या आकाराला आणून काम सुरू करतं, त्यामुळे स्लाइसची संख्या विषम असेल तर ते थांबतं. निम्मं न करणारी मांडणी-फाइल वापरा किंवा सगळ्यात खालची एक स्लाइस सगळ्या चित्रांतून काढा. ही चूक दिसते तरी. न दिसणारी चूक म्हणजे जोडीचा क्रम. आरपीई_पेअर पर्यायात पहिली निम्मी चित्रं मुख्य दिशेची आणि नंतरची उलट्या दिशेची लागतात. क्रम उलटा दिला तर विकृती कमी न होता दुप्पट होते. म्हणून आधीचं आणि नंतरचं बी-शून्य चित्र टी१ शेजारी ठेवून कपाळामागचा भाग आणि डोळ्यांच्या खोबणीलगतचा काठ बघा. नंतरचं चित्र टी१ सारखं दिसायला लागलं पाहिजे.

एडीला पर्याय द्यायचे तर अवतरणचिन्हांत सुरुवातीला एक मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर पर्यायाची रेघ कमांडचा भाग समजली जाते. दोन पर्याय उपयोगाचे आहेत: रेपोल, हा हालचालीमुळे काळ्या पडलेल्या स्लाइस भरून काढतो, आणि एसएलएम_लिनिअर, हा दिशा गोलाच्या एकाच अर्ध्या भागात असतील किंवा फार थोड्या असतील तेव्हा लावायचा. जीपीयू असेल तर हे काम मिनिटांत होतं, नुसत्या सीपीयूवर तासन् तास लागतात.

माणसाचं डोकं फिरलं की ग्रेडियंटची दिशा डोक्याच्या हिशेबाने बदलते. एडी फिरवलेल्या दिशांची वेगळी फाइल देतं, पुढे तीच वापरायची. एफएसएल सुटं चालवणारे लोक सवयीने जुनीच बीव्हेक पुढे नेतात आणि हे कळायला मार्ग नसतो, कारण चित्र व्यवस्थितच दिसतं. एडी_क्वाडचा अहवाल प्रत्येकाचा वाचा, आणि सरासरी हालचालीचा आकडा तक्त्यात नोंदवून ठेवा. गटांची तुलना करताना तो लागणार आहे.

शेवटी मास्क, म्हणजे मेंदूपुरता भाग निवडणारं चित्र. चांगला मास्क म्हणजे मेंदू पूर्ण आत आणि थोडी बाहेरची रिंग. टेम्पोरल पोल आणि सेरेबेलमचा तळ कापला गेलेला नाही, हे स्वतः बघून घ्या. उजेड-अंधाराची दुरुस्ती (डीडब्ल्यूआयबायसकरेक्ट) मास्क सुधारण्यापुरती करायला हरकत नाही, पण काही डेटामध्ये तिने मास्क उलट बिघडतो, तेव्हा सोडून द्या.

दिशा बरोबर आहेत का: पाच मिनिटांची परीक्षा

टेन्सर बसवून रंगीत नकाशा काढा. लाल म्हणजे डावं-उजवं, हिरवं म्हणजे पुढे-मागे, निळं म्हणजे वर-खाली. कॉर्पस कॅलोसम मध्यरेषेवर लाल, कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट निळा, सिंग्युलम हिरवा. हे जुळलं तर अक्ष अदलाबदल झालेले नाहीत.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. एखाद्या अक्षाचं चिन्ह उलटलं असेल तर रंग तसाच राहतो, कारण रंगात चिन्ह धरलेलंच नसतं. ते पकडायचं तर रेषा बघा: कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या टोकातून निघणारे तंतू दोन्ही बाजूंनी पुढे वळून चिमट्यासारखे दिसायला हवेत. चिन्ह उलटं असेल तर व्हॉक्सेलमधल्या काड्या त्या वळणाला आडव्या पडतात. एमआरट्रिक्सचं डीडब्ल्यूआयग्रॅडचेक सगळ्या शक्यता करून बघतं आणि ज्या मांडणीत तंतू सर्वांत लांब जातात ती सुचवतं. नव्या स्कॅनरच्या पहिल्या डेटावर ते चालवाच.

तंतूंच्या दिशा काढणं

डीडब्ल्यूआय२रिस्पॉन्स, ढोलांडर पद्धत. यातून व्हाइट मॅटर, ग्रे मॅटर (पेशींचा भाग) आणि सीएसएफ या तिघांचा नमुना-सिग्नल मिळतो. कोणते व्हॉक्सेल निवडले गेले ते चित्रावर टाकून बघा: व्हाइट मॅटरचे कॉर्पस कॅलोसमसारख्या घट्ट जुड्यांत, सीएसएफचे निलयांत. व्हाइट मॅटरचा नमुना उघडला तर बी-शून्यला गोळा आणि बी वाढेल तसतशी चपटी होत जाणारी चकती दिसली पाहिजे. ती शेंगदाण्यासारखी लांबट आली तर दिशांची फाइल किंवा मास्क तपासा.

अनेक माणसांची तुलना करायची असेल तर प्रत्येकाचा वेगळा नमुना वापरू नका. सगळ्यांचे नमुने काढा, त्यांची सरासरी घ्या आणि ती सगळ्यांना लावा. वेगवेगळी मोजपट्टी लावून काढलेले आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

मग डीडब्ल्यूआय२एफओडी, एमएसएमटी_सीएसडी: हेच ते स्फेरिकल डीकन्व्होल्यूशन, यातून प्रत्येक व्हॉक्सेलमधल्या तंतूंच्या दिशा पाकळ्यांच्या रूपात मिळतात. एकच बी-मूल्य आणि बी-शून्य असेल तर तीन ऊती वेगळ्या करता येत नाहीत, कारण वेगळी बी-मूल्यं दोनच आहेत आणि अज्ञात तीन. तेव्हा व्हाइट मॅटर आणि सीएसएफ दोघांवर भागवा. त्यानंतर एमटीनॉर्मलाइज, सिग्नलची पातळी सगळीकडे सारखी करायला. ते झाल्यावर सेंट्रम सेमिओव्हालेमध्ये परत या. एका व्हॉक्सेलमध्ये तीन स्पष्ट पाकळ्या दिसल्या तर आतापर्यंतचं काम नीट झालं. सीएसएफमध्ये वेड्यावाकड्या पाकळ्या उगवल्या असतील तर नमुने परत बघा.

शरीररचनेची चौकट

फ्रीसर्फरचं रिकॉन-ऑल टी१ वर चालवायला सोडा, काही तास जातील. त्यातून मेंदूचे भाग मिळतात. ५टीटीजेन टी१ वरून पाच प्रकारच्या ऊतींचं चित्र बनवतं. एचएसव्हीएस हा प्रकार फ्रीसर्फरचाच निकाल वापरतो, आणि थॅलमससारखे खोलातले भाग त्यात जास्त नेटके येतात.

आता टी१ आणि डिफ्यूजन एका जागी आणायचे. सहा मुक्ततांचं कडक रूपांतर, म्हणजे फक्त सरकवणं आणि फिरवणं. एफएलआयआरटीचा बीबीआर पर्याय यासाठी चांगला. रूपांतर टी१ च्या शीर्षकात लावा, चित्र नव्या जाळीवर ओतू नका. १ मिलिमीटरची धार उगाच बोथट करायचं कारण नाही. जुळणी तपासताना निलयांच्या कडा आणि बाहेरच्या घड्या दोन्ही बघा. निलयं जुळतात आणि कपाळ जुळत नाही, असं असेल तर जुळणीला दोष देऊ नका, टॉपअपकडे परत जा. इथली दोन मिलिमीटरची चूक पुढे महागात पडते, कारण तंतू कुठे थांबायचा हे आता ही चौकटच ठरवते.

ट्रॅक्टोग्राफी

ट्रॅक्टोग्राफी म्हणजे या दिशांचा माग काढत तंतूंच्या रेषा आखणं. टीसीकेजेन, आयएफओडी२ पद्धत, एसीटीसह (म्हणजे वरची शरीररचनेची चौकट वापरून). एसीटीचा नियम साधा: रेषा ग्रे मॅटरमध्ये संपली तर स्वीकार, सीएसएफमध्ये शिरली तर बाद. बॅकट्रॅक लावा, म्हणजे वाट चुकलेली रेषा थोडी मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते. क्रॉप_ॲट_जीएमडब्ल्यूएमआय लावा, म्हणजे रेषेचं टोक ग्रे आणि व्हाइट मॅटरच्या सीमेवर नीट कापलं जातं. बीज, म्हणजे रेषा जिथून सुरू होते ती जागा, टाकण्यासाठी सीड_डायनॅमिक. रेषांची संख्या १ कोटी.

एक कोटी हा आकडा आधी डिस्कवर तोलून बघा. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला तीन आकडे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १२ बाइट. सरासरी ५० बिंदू धरले तर १ कोटी रेषांचे ६ जीबी, एका माणसाचे. शंभर माणसांचा अभ्यास असेल तर मॅट्रिक्स काढून झाल्यावर रेषांची फाइल ठेवायची की नाही, हे आधीच ठरवा.

जास्तीत जास्त लांबी स्वतः द्या. नेहमीची मर्यादा व्हॉक्सेलच्या शंभरपट असते: २ मिलिमीटरला ती २०० येते आणि ठीक आहे, पण १.२५ मिलिमीटरच्या डेटाला १२५ मिलिमीटरच येते. मेंदूच्या पुढून मागपर्यंत जाणारे लांब तंतू त्यात गुपचूप गळतात. २५० लिहून टाका.

चित्र बघताना १ कोटी रेषा एमआरव्ह्यूमध्ये उघडू नका, संगणक गोठेल. टीसीकेएडिटने २ लाख वेगळ्या काढा. त्यातून कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट निवडा: ब्रेनस्टेममध्ये एक चौकोन, मोटर कॉर्टेक्समध्ये दुसरा. पंखा फक्त वरच्या टोकाकडे न जाता बाजूच्या, हाताच्या भागापर्यंत उघडला तर सेंट्रम सेमिओव्हालेच्या चौकातून रेषा पार होत आहेत.

या टप्प्यावर रेषांची संख्या म्हणजे तंतूंची संख्या असं कुणी म्हणालं तर थांबवा. जाड, सरळ जुडीत रेषा सहज भरतात, वळणाच्या ठिकाणी कमी पडतात. टीसीकेसिफ्ट२ प्रत्येक रेषेला एक वजन देतं, असं की व्हॉक्सेलमधल्या रेषांची घनता तिथल्या पाकळीच्या आकाराशी जुळावी. त्यातून म्यू नावाचा एक आकडा मिळतो, तो जपून ठेवा. माणसामाणसांत तुलना करताना मॅट्रिक्सला त्याने गुणायचं असतं, आणि हे राहिलं म्हणून वाया गेलेले तक्ते कमी नाहीत.

मॅट्रिक्स

फ्रीसर्फरच्या डेसिकन-किलियानी विभागणीत प्रत्येक बाजूला कॉर्टेक्सचे ३४ भाग. त्यात खोलातले ७ आणि सेरेबेलम १ धरला की एका बाजूला ४२, दोन्ही मिळून ८४. फ्रीसर्फरचे क्रमांक मात्र सलग नसतात: डाव्या कॉर्टेक्सचे १००० पासून, उजव्याचे २००० पासून. लेबलकन्व्हर्ट त्यांना १ ते ८४ करतं. ही पायरी विसरलात तर २०३५ × २०३५ चं, जवळजवळ सगळं रिकामं मॅट्रिक्स मिळेल. तो आकडा दिसला की चूक कुठे झाली ते शोधायला नको.

टीसीके२कनेक्टोमला सिफ्ट२ ची वजनं द्या, सिमेट्रिक आणि झिरो_डायगोनल लावा. ८४ भागांच्या जोड्या होतात ३४८६. किमती कित्येक पटींत पसरलेल्या असतात, त्यामुळे लॉग प्रमाणात बघा, नाहीतर पाच-दहा पेशी चमकतील आणि बाकी सगळा काळोख दिसेल.

मग या गोष्टी तपासा. एखादी ओळ पूर्ण शून्य आहे का? फ्रॉन्टल पोल, टेम्पोरल पोल, एन्टोऱ्हायनल हे छोटे भाग आधी बघा, मास्क तिथेच कापला जातो. डाव्या गोलार्धाचा तुकडा आणि उजव्याचा तुकडा शेजारी ठेवले तर साधारण आरशातल्यासारखे दिसतात का? एकच बाजू फिकट असेल तर जुळणी घसरली आहे. किती रेषांना दोन्ही टोकांना भाग सापडला? निम्म्या रेषा बेवारस राहिल्या असतील तर भागांचं चित्र आणि रेषा एका जागी नाहीत. आणि एका माणसावर सगळी ट्रॅक्टोग्राफी दोनदा चालवून दोन मॅट्रिक्स ताडून बघा. मोठ्या जोडण्या हलत असतील तर रेषा वाढवायला हव्यात.

संभाव्यतेवर चालणाऱ्या पद्धतीत ३४८६ पैकी बहुतेक पेशींत काही ना काही येतंच. म्हणून लोक उंबरठा लावून लहान किमती उडवतात. उंबरठा कुठे लावायचा याचं नैसर्गिक उत्तर नाही; वजनांसकट पूर्ण मॅट्रिक्स वापरणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. उंबरठा लावायचाच असेल तर दोन-तीन ठिकाणी लावून निष्कर्ष टिकतो का ते दाखवा.

या नकाशातून काय वाचायचं नाही

दिशा वाचायची नाही. पाणी तंतूत पुढेही सरकतं आणि मागेही, त्यामुळे संदेश अ कडून ब कडे जातो की उलट, हे डिफ्यूजनला कळत नाही.

जोडणी आहेच, असं एका रेषेवरून म्हणायचं नाही. आयएसएमआरएम या एमआरआय संशोधकांच्या संस्थेच्या २०१५ च्या ट्रॅक्टोग्राफी स्पर्धेत २० गटांनी ९६ ट्रॅक्टोग्राम (रेषांचे संच) दिले. मेंदू कृत्रिम होता, त्यातल्या २५ जुड्या आधीच माहीत होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात बहुतेकांना खऱ्या जुड्यांपैकी जवळपास सगळ्या सापडल्या होत्या, आणि त्याच ट्रॅक्टोग्राममध्ये खऱ्यांपेक्षा खोट्या जुड्या जास्त होत्या. कारण अरुंद खिंड: दोन जुड्या एकाच व्हॉक्सेलमधून समांतर गेल्या की बाहेर पडताना कोणती कुठली, हे स्थानिक दिशेवरून ठरवताच येत नाही. व्हॉक्सेल बारीक करूनही ही अडचण पूर्ण सुटत नाही.

मेंदूच्या घडीबद्दलही सावध राहा. रेषांना घडीच्या माथ्यावर संपणं सोपं जातं, भिंतीवर संपायला तीव्र वळण घ्यावं लागतं. त्यामुळे माथा फुगवून दिसतो.

गटांची तुलना असेल तर हालचाल, वय आणि कवटीच्या आतलं घनफळ गणितात धरा. रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात, आणि हालचालीचा परिणाम आजारासारखाच दिसतो. दोन स्कॅनरचा डेटा मिसळायचा असेल तर स्कॅनरमधला फरक काढणारी कॉम्बॅटसारखी पद्धत लावा, पण एका स्कॅनरवर सगळे रुग्ण आणि दुसऱ्यावर सगळे निरोगी असतील तर कुठलीच पद्धत तो गुंता सोडवू शकणार नाही.

अहवालात निदान एवढं लिहा: व्हॉक्सेलचं माप, प्रत्येक बी-मूल्याच्या दिशा, उलट्या फेजची चित्रं होती की नाही, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, रेषांची संख्या, वजनं कशी दिली, विभागणी कोणती आणि किती जण हालचालीमुळे वगळले. आवृत्ती लिहिणं सगळ्यात जास्त राहून जातं, आणि एमआरट्रिक्समध्ये आवृत्तीगणिक काही मूळ किमती बदललेल्या आहेत. कमांड ज्या फाइलवर चालवली तिच्या शीर्षकात एमआरट्रिक्स स्वतः ती नोंदवत जातं. एमआरइन्फोने उघडलं की कमांड_हिस्टरीमध्ये पूर्ण यादी मिळते, ती तशीच परिशिष्टात चिकटवा. निफ्टीत साठवलं की ही नोंद गळते, म्हणून मधल्या सगळ्या फाइली एमआरट्रिक्सच्या एमआयएफ रूपात ठेवा.